बाळंतिणीची रच

त्या गावात माझी बदली झाली तेव्हा ज्येष्ठ संपत आला होता. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे छपरी, मागे चुलीची पडवी आणि हातपंप. आधीच्या सिस्टरनी जाताना मला औषधांचं कपाट दाखवलं, नीट न लागणारी मागची कडी दाखवली आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला सरपणाचा ढीग दाखवला. ढिगाला वरपासून खालपर्यंत निळी ताडपत्री गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेली होती. "गॅस आहे," त्या म्हणाल्या, "पण नाला चढला की सिलिंडरची गाडी येत नाही. तेव्हा हे कामाला येईल."

महिन्याभरात नाला चढला. त्याच दिवशी सकाळी एक बाळंतपण झालं आणि दुपारी शेगडीवरची निळी ज्योत फडफडून विझली. मी मागे जाऊन ताडपत्री सोडली. आतून गरम, आंबूस वाफ तोंडावर आली. लाकडांच्या सालीवर पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या आणि हाताला बुळबुळीत लागत होतं. मी बल्लारपूरची. आमच्याकडे कोळशाची शेगडी होती, मग गॅस आला. लाकूड कसं पेटवतात ते मला पुस्तकातल्याइतकंच ठाऊक. रॉकेल ओतून ओतून मी एवढा धूर केला की आतली बाळंतीण खोकायला लागली.

तेवढ्यात पावसातून एक बाई आली. ठेंगणी, काळीसावळी, काष्ट्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. डोक्यावर मोळी आणि मोळीवर प्लॅस्टिकची पन्नी. तिनं मोळी छपरीत उतरवली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "बाळंतीन जेवली का?"

मी म्हटलं, अजून नाही.

"मंग पयले पेज टाकू. पानी मागून."

तिनं माझी धुमसणारी लाकडं चिमट्यानं ओढून पावसात फेकली. मोळीतल्या बारीक काड्या मोडल्या, खाली दोन जाड लाकडं आडवी ठेवली, त्यांवर काड्या उभ्या केल्या आणि एका काडीत पेटवलं. धूर नव्हताच. मी चुलीपाशी वाकून पाहिलं, तर लाकडाच्या टोकाला तडे होते, उन्हाळ्यात टाचांना पडतात तसे. पेज झाली, मग पितळी गंजात पाणी तापलं. सगळं झाल्यावर ती मागे गेली. ताडपत्रीतलं एक लाकूड उचलून तिनं त्याचं टोक गालाला लावलं, आपण तापलेल्या लेकराचं कपाळ पाहतो तसं.

"हे कोनं झाकलं?"

"आधीच्या सिस्टरनी."

"चांगली बाई होती. पन इंधनाले बी घाम येते, हे तिले मालूम नवतं."

एवढं बोलून ती निघून गेली. नाव मला आतल्या बाळंतिणीनं सांगितलं. सायत्राबाई.

पावसानं दोन दिवस उघडीप दिली तेव्हा ती न बोलावता परत आली. आम्ही दोघींनी तो ढीग मोडला. आधी तिनं काठीनं तीन वेळा ढिगावर ठोकलं आणि जरा थांबली. आत मण्यार असली तर तिला निघायला वेळ द्यायचा, हा त्यातला हेतू. तो तिनं मला एकदाच सांगितला. मी कधी विसरले, तर ती पुन्हा सांगत नसे. नुसती माझा हात धरून मागे ओढी.

तिनं भिंतीपासून हातभर जागा सोडली. "भिंत पानी पेते, मंग इंधनाले पाजते." खाली दगडांवर दोन बल्ल्या टाकल्या, म्हणजे लाकूड मातीला टेकणार नाही. दोन्ही टोकांना आडवी-उभी रचून खांब केले आणि मधे लाकडं ओळीनं, साल वरच्या बाजूला, दोन लाकडांत बोटं जातील एवढी फट ठेवून लावली. तोंडं पश्चिमेकडे, कारण वारा तिकडून येतो. वर बांबूची ताटी, ताटीवर धानाची तणस, तणशीवर पन्नी, आणि सगळ्याला एका अंगानं उतार. मी पन्नी बाजूंनी खाली ओढायला लागले तेव्हा तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"डोक्शावर झाका. आंग उघडं राहू द्या. पाऊस लागन आनं वारा सुकवन. गुंडाळून ठेवसान त गुदमरते ते."

"पण बाजूनं भिजणार नाही का?"

"भिजन. वरवरचं भिजन. आंगात गेलेलं पानी येगळं आनं आंगावरचं येगळं. तुमी नर्स होऊन हे मले विचारता?"

मी पन्नी परत वर सरकवली.

सायत्राबाईचं घर ढिवर मोहल्ल्याच्या वरच्या टोकाला. नवरा तलावावर मासे मारायचा आणि ती ते आठवडी बाजारात विकायची. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा देवाजी तलाव आणि धानाची बांधी दोन्ही सांभाळायचा. सून मंदा. घरामागे सांदवाडी होती. सांदवाडी म्हणजे घरामागचा लांबट परस, त्यात लोक वालाचे वेल चढवतात. हिच्या सांदवाडीत वेल एका कोपऱ्यात, बाकी सगळी जागा लाकडाची. तीन रचा होत्या. पहिली यंदाची, दुसरी गेल्या वर्षीची. या दोन घरच्या. तिसरी थोडी बुटकी, नुसत्या धावड्याच्या आणि येनाच्या जड लाकडाची, दोन उन्हाळे खाल्लेली. तिला घरात हात लावायची कोणालाच परवानगी नव्हती. गावात सगळे तिला बाळंतिणीची रच म्हणत.

पावसाळ्यात गावात कुठंही बाळंतपण झालं की त्या दिवशी सायत्राबाईची मोळी त्या घरी पोचायची. कोणी मागायला जात नसे. ती दारात मोळी उतरवी, बाळंतीण जेवली का म्हणून विचारी आणि उंबऱ्याशी बसून चूल लागेपर्यंत पाही. मुलगा की मुलगी, हे मी तिला कधी विचारताना ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोळी, आठवडाभर. घरचं इंधन कोरडं निघालं तर ती खूश होई आणि आपली मोळी उचलून परत नेई. त्यात कुणाला अपमान वाटत नसे.

सरपण ती फाल्गुनात आणायला लागायची. पानगळ झालेली, जंगलात लांबवर दिसतं. वाघाचा वावर असल्यामुळे बाया दहा-बारा जणी मिळून जात, मधे मधे हाका देत, आणि उन्हं चढायच्या आत परत येत. पडलेलं, वाळलेलं, वठलेलं तेवढंच घ्यायचं. मोहाला हात लावायचा नाही. सालईचं लाकूड ती घेत नसे आणि पळसाचं नाइलाजानं घेई. "पळस म्हंजे निस्ता धूर. फुलं पाहाले बरा." आणलेलं लाकूड त्याच दिवशी फोडायचं, यावर ती ठाम होती. ओंडका तसाच ठेवला तर आतून दोन वर्षं ओला राहतो, फोडला की वारा आत शिरतो. कुऱ्हाड ती स्वतः चालवी. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं होतं आणि बांगडीला कायम एक सेफ्टी पिन अडकवलेली असे, कुसळ काढायला. ती पिन मी दरवेळी स्पिरिटनं पुसून द्यायची आणि ती दरवेळी म्हणायची, "आता चांगली झोंबन."

दोन लाकडं एकमेकांवर आपटून ती आवाज ऐके. सुकलेलं लाकूड टणटणतं, ओलं बद्द वाजतं. मी हळूहळू शिकले. पण मी आपटून ओळखायची तेवढ्यात ती गालाला लावून ओळखायची. ओल असली की लाकूड गार लागतं, म्हणायची. मला बरेच दिवस सगळीच सारखी लागत.

आमचं पहिलं भांडण धुरावरून झालं. बाळंतिणीच्या बाजेखाली विस्तव ठेवून शेक द्यायची तिथं पद्धत. खोली बंद, खिडकी असली तर तीही बंद. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं की हे बंद करायचं, बाळाच्या छातीला धूर वाईट. मी घरोघर तेच सांगत फिरत होते. एका घरी मी सांगत असताना सायत्राबाई उंबऱ्याशी बसलेली होती. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "शिस्टर बराबर बोलते."

मला वाटलं, जिंकले.

"पन धूर काऊन होते, ते सांगत नाई. धूर ओल्या इंधनाचा होते. मले इस्तो घरात नेताना कधी पाह्यलं धुराचा?"

खरं होतं. ती लाकडं अंगणातल्या चुलीत पूर्ण जाळायची, ज्योत संपून लाल निखारे झाले की तेवढेच घमेल्यात घेऊन आत न्यायची. मी म्हटलं, धूर दिसला नाही तरी निखाऱ्याची हवा बंद खोलीत घातक असते, माणूस झोपेतच जातो. हे तिला नवीन होतं. 

"न दिसनारा धूर?"

"हो."

"त्याले काय कराचं?"

"दार उघडं ठेवायचं. आणि घमेलं बाजेखाली नाही, दाराशी."

दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले तर घमेलं दाराशी होतं आणि दाराच्या फटीत चांगला नारळाएवढा दगड अडकवला होता, कोणाला लावायचं म्हटलं तरी दार लागू नये म्हणून. त्यानंतर ती जिथं मोळी नेई तिथं दगडही नेत असे. माझ्या महिनाभराच्या भाषणांनी झालं नव्हतं ते त्या दगडानं झालं.

हे सगळं ती कशासाठी करते, ते तिनं मला फार उशिरा आणि फार थोडक्यात सांगितलं. देवाजी झाला तेव्हा पोळ्याच्या आसपासची झड लागली होती. घरातलं सगळं इंधन ओलं. सासू फुंकणीनं फुंकून फुंकून थकली. तीन दिवस गरम पाण्याचा थेंब नाही, मग सायत्राबाईला ताप भरला आणि दूध आटलं. "मी त मरतच होती. पोरगं रडून रडून गप झालं होतं." तो ताप गरम पाणी नसल्यामुळे आला की आणखी कशानं, ते नर्स म्हणून मी वेगळं सांगू शकले असते. सांगितलं नाही.

"मग देवाजी कसा वाचला?"

"वाचला," ती म्हणाली आणि उठून लाकडं पालटायला गेली.

गॅसबद्दल तिचं काही वाकडं नव्हतं. मंदाच्या नावानं सरकारी गॅस आला तेव्हा तिनंच शेगडीला हळदकुंकू लावलं. दुपारच्या कोऱ्या चहाला तिला गॅसच लागे. "चहाले गॅस बेस हाय. फटकन होते. पन आठ दिवस घर गरम ठेवाचं म्हनलं त टाकी किती पुरन?"

तिच्या शेजारच्या घराशी मात्र ती बोलत नसे. खालच्या अंगाला कौसल्याबाईचं घर, मधे नुसतं कुंपण. मी गेले तेव्हा त्या दोघींचं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. कारण मंदाकडून कळलं. कौसल्याबाईचा नवरा चोरून मोहाची गाळायचा. एका पावसाळ्यात त्याच्या भट्टीला कोरडं इंधन मिळेना, तेव्हा त्यानं बाळंतिणीच्या रचेतून धावडा उपसला. सायत्राबाईला ते दोन दिवसांनी कळलं, नेमकी एका बाळंतिणीसाठी मोळी बांधायला गेली तेव्हा. ती तडक चावडीवर गेली आणि चारचौघांसमोर त्याचं नाव घेऊन बोलली. गावच्या बायांच्या दारूबंदीच्या गटानं त्याच संध्याकाळी त्याची मडकी फोडली. तो दारू गाळायचा थांबला. पण त्यानंतर तो कधी चावडीवर बसला नाही आणि चार वर्षांनी गेला. कौसल्याबाईनं मडकी फुटली त्या दिवसापासूनच कुंपणाकडे पाठ केली होती.

माझं तिथलं तिसरं वर्ष. भाद्रपदात सलग पाऊस लागला, वरच्या धरणांची दारं उघडली आणि वैनगंगा फुगली. नाला उलटा वाहायला लागला. दोन्हीकडचा रस्ता बंद. विजेचा खांब पहिल्याच दिवशी पडला. कौसल्याबाईची मुलगी रंजना पहिलटकरीण, आठव्या महिन्यात माहेरी आलेली. तिला त्याच सकाळी कळा सुरू झाल्या. तिकडे खालच्या आळीत पाणी शिरत होतं. चौघांनी तिला बाजेसकट उचलून उपकेंद्रात आणलं, कारण ते उंचावर. दुपारी बाळ झालं. तराजूच्या झोळीत घातलं तर काटा पावणेदोन किलोच्या अलीकडे थांबला. मुलगी.

वरिष्ठांना फोन लागला तेवढ्या दोन मिनिटांत त्यांनी मला सांगितलं ते मला माहीतच होतं. आईच्या छातीशी उघड्या अंगाला उघडं बांधून ठेवा, खोली गरम ठेवा, वाटी-चमच्यानं पाजा, रस्ता खुला झाला की लगेच पाठवा. खोली गरम ठेवा, हे सांगणं सोपं होतं. भिंतींना ओल सुटली होती. गॅस दुसऱ्या दिवशी सकाळी संपणार हे मला सिलिंडर हलवून कळत होतं. उपकेंद्रामागचं इंधन महिनाभराच्या पावसात जळून अर्धं झालं होतं. बाळाचे तळवे मी दर थोड्या वेळानं माझ्या मनगटाला लावून बघत होते, आणि ते गार होते.

सायत्राबाई तेव्हा आपल्या सांदवाडीत होती. पाणी कुंपणापर्यंत आलं होतं. देवाजी धानाच्या कोठीकडे धावला, तर ती त्याला म्हणाली, "धान माच्यावर हाय. तिथवर पानी येत नाई. हे उचल." तिनं, मंदानं आणि देवाजीनं मिळून बाळंतिणीची रच मोडायला घेतली. पन्नीखाली धरून एकेक भारा वर आणला. ते पाहून आणखी काही जण लागले. अंधार पडायच्या आत सगळी रच माझ्या छपरीत उभी होती, आणि एवढ्या घाईतही तिनं ती भिंतीपासून हातभर सोडून रचली होती.

मग ती चुलीपाशी बसली. आतल्या खोलीत रंजना आणि बाळ, बाहेरच्या खोलीत दाराशी निखाऱ्याचं घमेलं, मागच्या पडवीत चूल. कौसल्याबाई मुलीच्या उशाशी. दोन्ही दारांत दगड. पुढचे चार दिवस आम्ही तिघी त्या जागेत होतो आणि त्यातल्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. निरोप माझ्यामार्फत जात.

"शिस्टर, तिले म्हना, पोरीच्या पाठीकडून वारा येऊन राह्यला. बाज सरकवा."

कौसल्याबाई दोन हातांच्या अंतरावरच बसलेली असे. ती बाज सरकवी आणि मला म्हणे, "सरकवली म्हना."

पहिल्या दिवशी रंजनाला दूध येईना. ती रडकुंडीला आली. मी तिला सांगत होते की येईल, धीर धर, थेंब थेंब काढू. तेव्हा कौसल्याबाई माझ्याकडे पाहून, पण जरा मोठ्यानं म्हणाली, "हिच्या देवाजीले आठ दिवस मी पाजलं होतं. माही मोठी पोरगी तवा अंगावर होती. एका अंगाले हे, एका अंगाले ते. काई झालं नाई त्याले. पाहा, केवढा झाला."

चुलीपाशी सायत्राबाईचा हात थांबला. तिनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं लाकूड पुढे सारलं. मी वाटी-चमचा उकळत्या पाण्यातून काढायला गेले तेव्हा पाहिलं, तिचे डोळे भरलेले होते. त्या चुलीला धूर नव्हता.

दुसऱ्या दिवशी दूध सुटलं. बाळ चमच्यानं घेऊ लागलं. थोडं घेई, थोडं ओघळे. तिसऱ्या दुपारी रंजनाला ग्लानी आली, तिला जरा झोपू द्यावं म्हणून मी बाळ कौसल्याबाईच्या छातीशी बांधलं. ती तशीच बसून होती. मी भिंतीला टेकले आणि माझाही डोळा लागला. जाग आली ती बोलण्यानं. बाळ परत रंजनाकडे गेलं होतं, सायत्राबाई पंपावर पाणी भरत होती आणि कौसल्याबाई उपकेंद्राच्या ढिगातलं लाकूड चुलीत घालत होती.

"कौसल्या," सायत्राबाई पंपावरून म्हणाली, "ते नको टाकू. तो पळस हाय."

कौसल्याबाई लाकूड हातात धरून तशीच राहिली.

"मंग कोनतं टाकू?"

"त्या कोपऱ्यात धावडा हाय. सालीचा. दोनच टाक."

"दोन पुरन का?"

"पुरन. बसून टाक, कंबर धरन तुही."

मी डोळे मिटूनच राहिले. त्या संध्याकाळपर्यंत एवढंच बोलणं झालं, सगळं लाकडाचं. पण माझ्यामार्फत निरोप जायचे थांबले. चौथ्या दिवशी बाळाचे तळवे पहिल्यांदा माझ्या मनगटाइतके गरम लागले. मी दोघींना हात लावायला सांगितलं. कौसल्याबाईनं हात लावला. सायत्राबाईनं आपले हात लुगड्याला पुसले, वास घेतला, राखेचे आहेत म्हणाली, आणि मग खाली वाकून बाळाचा तळवा गालाला लावला.

"सुकं हाय," ती म्हणाली. कौसल्याबाई हसली. तेरा वर्षांनी ती हिच्या समोर हसली असावी.

पाचव्या दिवशी ट्रॅक्टरनं नाला ओलांडता आला. पलीकडे रुग्णवाहिका उभी होती. रंजना आणि बाळ गडचिरोलीच्या दवाखान्यात तीन आठवडे राहून परतली. पोरगी आता अंगणवाडीत जाते आणि कोणाचं ऐकत नाही.

त्या दोघी एकदम सख्ख्या झाल्या असं नाही. कुंपण होतं तिथंच राहिलं. पण भाजी कोणती केली, बाजारात वांगी आली का, एवढं त्यावरून चालू झालं. पुढच्या फाल्गुनात मी सायत्राबाईबरोबर नवी रच लावत होते. अर्धी रच झाली. मग ती म्हणाली, "मी खोटं नवती बोलली, शिस्टर. त्यानं इंधन नेलं होतं."

"हो ना."

"पन त्याच्या घरात जाऊन सांगाले पाह्यजे होतं. तिच्या समोर. मी चावडीवर गेली." तिनं लाकूड गालाला लावलं, बाजूला ठेवलं. "ज्या बाईनं माह्या पोराले पाजलं, तिच्या नवऱ्याचं नाव मी चावडीवर घेतलं."

तिला माझ्याकडून काही नको होतं. तिनं दुसरं लाकूड उचललं.

सहा वर्षांनी माझी बदली चंद्रपूरला झाली. हुकूम आला तो वैशाखात, तेंदूपत्त्याच्या हंगामात. तोपर्यंत रचेचं बरंचसं काम मंदा करू लागली होती. सायत्राबाई खाटेवर बसून सांगायची आणि न राहवून उठायची. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. ती झोपली होती. मंदा म्हणाली, "उठवू का?" मी नको म्हटलं. सकाळी बसच्या आधी येऊन जाईन. सकाळी आले तर ती पहाटेच बायांबरोबर पत्ता तोडायला निघून गेली होती. या वयात जाऊ नको म्हटलं तरी गेली, असं मंदा म्हणाली.

पंधरा दिवसांनी मंदाचा फोन आला. "आई तुमच्यावर रागावली हाय. म्हनते, झोपलेल्या मानसाले पाहून जाते का कोनी? उठवाले काय झालं होतं?" मी हसले. म्हटलं, सांग त्यांना, दिवाळीला येते, तेव्हा मनसोक्त भांडू. पावसाळ्यात आणखी एकदा फोन झाला, तेव्हा मागून तिचा आवाज ऐकू आला. कोणाच्या तरी घरी मोळी पाठवायची होती आणि देवाजी टाळत होता. दिवाळीच्या आधी आठ दिवस ती गेली. दोन दिवस ताप, एवढंच. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्यामुळे माझ्याजवळ तिचं शेवटचं दर्शन म्हणून आहे ती ती दुपार. छपरीत सारवलेल्या भुईवर, काही न अंथरता, ती कुशीवर झोपली होती. सहा वर्षांत मी तिला झोपलेली पाहिली नव्हती. तोंड थोडं उघडं, एक हात उशाला, पायावर पाय. झोपेत तिचा अंगठा मधेच हलत होता. एक कोंबडी पिलं घेऊन तिच्या पाठीमागून आली आणि तिच्या पदराशी चोच मारू लागली. मंदानं तिला नुसत्या हातानं हाकललं, तोंडानं आवाज न करता. मी चपला हातात घेतल्या आणि अंगणाबाहेर आल्यावर घातल्या.